लागलंका क्लबचा इतिहास

बाबा हिवाळ्याच्या तोंडावर गेले आणि हिवाळा सरायच्या आत त्यांच्या रग्बी क्लबचा सुवर्णमहोत्सव येऊन ठेपला. स्मरणिका काढायचं ठरलं. तिच्यात क्लबचा इतिहास हवा, आणि त्या इतिहासात एक आख्खं पान बाबांवर हवं. काम माझ्याकडे आलं. "तुझं वाचन आहे," असं सेक्रेटरी म्हणाले, ते एखाद्याला 'तुमच्याकडे शिडी आहे' म्हणावं तसं.

सेक्रेटरी म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाले काका. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी चालवायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना जपून रस्ता ओलांडायला. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे साध्या खुर्चीत बसले असले तरी समोरचा जरा वेगाने बोलायला लागला की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो.

ते बाबांच्या दुकानात आले. बाबांचं चष्म्याचं दुकान मी रोज दुपारी उघडत होते, कारण तयार होऊन पडलेले चष्मे ज्याचे त्याला द्यायचे होते. लोक यायचे, चष्मा घालायचे, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचायचे, आणि मग काच स्वच्छ असली तरी चष्मा काढून पुसायचे. मी तोवर दुसरीकडे बघायचे. सेक्रेटरींनी चष्मा वगैरे काही नेला नाही. त्यांनी खिशातून चार घडीचा कागद काढला. इतिहास त्यांनी आधीच लिहून आणला होता. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायचं.

बाबांचं पान असं सुरू होत होतं: 'झंझावाती विंगर, मैदानावरचा वाघ, ज्याच्या नुसत्या पदरवाने प्रतिस्पर्ध्यांच्या छातीत धडकी भरत असे...'

संध्याकाळी मी ते आईला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. शेवटपर्यंत तिने शांतपणे ऐकलं, एक चुकार दाणा जमिनीवरून उचलला आणि म्हणाली, "चांगले होते गं. कोण म्हणे हे?"

तेव्हा मी ठरवलं की इतिहास मी लिहीन, आणि त्या पानावर बाबा ओळखू येतील असा लिहीन. बाकी पानांवर सेक्रेटरींनी वाघ, सिंह, हवं ते सोडावं. एकदा गेलेल्या माणसाला पुन्हा एकदा, तेही पाचशे प्रतींत छापून, घालवायची माझी तयारी नव्हती.

खरा इतिहास गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे, म्हणूनच तो कुणी लिहिला नव्हता.

कागदाच्या गिरणीत नवं यंत्र बसवायला बाहेरून एक इंजिनिअर आला होता. यंत्राचे काही भाग वेळेवर पोहोचले नाहीत, त्यामुळे तो एक हिवाळाभर रिकामा. त्याच्या सामानात एक लांबट चेंडू होता. रिकामा माणूस आणि लांबट चेंडू गिरणीमागच्या मोकळ्या जागेत दिसल्यावर गावातली तरणी मुलं जमली. त्यांत बाबा होते, बेकरीवाले काका होते, पुढे दातांचे डॉक्टर झालेले काका होते. सेक्रेटरी त्या वेळी काठावर उभे राहून लोकांच्या सायकली सांभाळत. ते खेळायला दोन वर्षांनी उतरले. हे वाक्य मसुद्यात नव्हतं.

इंजिनिअरला आमची भाषा येत नव्हती आणि मुलांना त्याची. तो खेळ करून दाखवायचा. चेंडू मागेच द्यायचा, पुढे नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्याला कमरेत मिठी मारून खाली पाडायचं, त्याला टॅकल म्हणायचं. पलीकडच्या रेषेपुढे चेंडू जमिनीला टेकवला की झाला ट्राय. हे तो प्रत्येकाला धरून, उचलून, पाडून शिकवायचा. माणूस सभ्य होता. ज्याला पाडलं त्याला हात देऊन उठवायचा आणि आमच्या भाषेतले दोनच शब्द कुठूनसे शिकला होता, ते विचारायचा: "लागलं का?" पडलेला "नाही" म्हणाला की पुढचा डाव.

मग यंत्राचे भाग आले, यंत्र बसलं, इंजिनिअर गेला. चेंडू मात्र ठेवून गेला. मुलांनी क्लब काढला आणि तो शिकवून गेला होता तसाच, काना-मात्रेचा फरक न करता, खेळ चालू ठेवला. म्हणजे टॅकल केलं की हात द्यायचा, "लागलं का?" विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत दोन्ही बाजूंनी थांबायचं. हा नियमच आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. चेंडू पुढे टाकायचा नाही हा जर नियम असू शकतो, तर हा काय वाईट, असं बाबा म्हणायचे.

नियम म्हटला की पळवाटा आल्याच. 'नाही' म्हटलं तर खेळ सुरू, 'जरा' म्हटलं तर दम खायला मिळतो, हे पहिल्याच महिन्यात सगळ्यांच्या ध्यानात आलं. दातांचे डॉक्टर तेव्हा कॉलेजात शिकत होते. त्यांना एकदा पाडून बेकरीवाल्यांनी "लागलं का?" विचारलं तर त्यांनी गुडघ्याच्या आतली रचना सांगायला सुरुवात केली. त्यातले दोन अस्थिबंध होईपर्यंत अंधार पडला आणि सामना बरोबरीत सुटला.

बाबांना विंगर केलं ते वेगासाठी नव्हे. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नसे आणि चष्मा घालून खेळता येत नसे. चष्मेवाल्याने चष्म्याशिवाय बाहेर पडायचं म्हणजे न्हाव्याने दाढी वाढवण्यातला प्रकार. पण बाबांनी तो पत्करला. चेंडू कडेला कमी येतो म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना मैदानाच्या कडेला नेऊन उभं केलं. तिथे ते आवाजाच्या रोखाने तोंड करून उभे असत. आई म्हणायची, "तुझ्या बाबांना सामना कसा झाला ते विचारू नकोस, कसा ऐकू आला ते विचार."

असाच सुखात काळ गेला, कारण आसपास दुसरा क्लबच नव्हता. हे आपसांत दोन गट पाडून खेळायचे. मग कधीतरी बंदरावरच्या संघाने मैत्रीच्या सामन्याचं आमंत्रण धाडलं. सगळे एका ब्रेडच्या गाडीत बसून गेले.

पहिल्याच मिनिटाला बेकरीवाल्यांनी समोरच्या एका धिप्पाड हमालाला असं टॅकल केलं की बघणारे वा म्हणाले. बेकरीवाल्यांनी हात पुढे केला आणि विचारलं. हमाल क्षणभर गोंधळला. जन्मात त्याला हे कुणी विचारलं नसावं. तो उठून बसला आणि त्याने खरंच सांगायला सुरुवात केली, की आजचं नाही, पण खांदा गेल्या वर्षापासून दुखतोय. आमचे पंधराच्या पंधरा जण आदराने थांबले. त्यांचे उरलेले चौदा थांबले नाहीत. ते चेंडू उचलून गेले आणि टेकवून आले. दुसऱ्या टॅकलला तेच. तिसऱ्याला तेच. आमच्या लोकांना वाटलं, हे अडाणी आहेत, यांना नियम माहीत नाहीत. मध्यंतराला बाबा रेफरीकडे तक्रार घेऊन गेले. रेफरीने त्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, घरच्या माणसाला वाईट बातमी सांगावी तसं सांगितलं, की असा नियम रग्बीत नाही, कधीच नव्हता.

बाबांनी विचार केला. "पण असं विचारू नये, असा नियम आहे का?"

रेफरीनेही विचार केला. "नाही."

"मग राहू द्या," बाबा म्हणाले आणि परत आपल्या कडेला जाऊन उभे राहिले.

त्या दिवशी आम्ही किती गुणांनी हरलो हे मी लिहीत नाही, कारण आकडा मोजणाऱ्याचाच त्यावर विश्वास नव्हता. पण तेव्हापासून आसपासच्या गावांत क्लबचं छापील नाव कुणी घेतलं नाही. 'रविवारी कोण आहे?' 'लागलंका आहेत.' पुढे टॅकल झाल्यावर थांबणं आम्ही सोडलं, पळता पळता विचारायचं, असं ठरलं. विचारणं मात्र कुणी सोडलं नाही.

पहिला विजय बऱ्याच उशिरा मिळाला आणि तो बाबांमुळे मिळाला, यात मसुद्याचं आणि माझं एकमत होतं. मसुद्यात लिहिलं होतं: 'त्यांच्या एकाच निर्णायक टॅकलने सामन्याचं पारडं फिरलं.' खरंच आहे. धुकं होतं. आम्ही चुकून तीन गुणांनी पुढे होतो. बाबांना अंगावर येणाऱ्या पावलांचा आवाज आला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पुस्तकात चित्र छापावं असं टॅकल केलं. खाली रेफरी होता. बाबांनी विचारलं, "लागलं का?" रेफरी म्हणाला, "हो." त्याचा घोटा सुजला, दुसरा रेफरी मिळेना, खेळ तिथेच थांबवून आम्हाला विजयी ठरवण्यात आलं. बाबा त्या रेफरीला पुढे वर्षानुवर्षं फुकट चष्मे करून देत होते. रेफरी चष्मे न्यायला येई, पण काउंटरच्या पलीकडेच उभा राही.

हे सगळं मी लिहून काढलं आणि रविवारी सकाळी क्लबात घेऊन गेले.

क्लब म्हणजे बेकरीच्या मागची खोली. भट्टीची भिंत या खोलीची एक भिंत आहे, त्यामुळे जुने खेळाडू आपापल्या दुखऱ्या अवयवाप्रमाणे जागा धरतात. कंबरवाले पाठ टेकून, गुडघेवाले भिंतीकडे पाय पसरून. खुंट्यांवर जर्सी, कोपऱ्यात पिठाची पोती, आणि कितीही झाडलं तरी ट्रॉफीच्या कपाटावर पिठाचा पातळ थर. कपाटात एक ट्रॉफी आहे, ती बेकरीवाल्यांना पावासाठी मिळालेली.

तिघे होते: सेक्रेटरी, बेकरीवाले आणि दातांचे डॉक्टर. मी वाचलं. बेकरीवाले हसताना भिंतीवर डोकं आपटून घेत होते. डॉक्टरांनी मध्येच थांबवून दोन नाही, तीन अस्थिबंध सांगितले होते, अशी दुरुस्ती केली. सेक्रेटरींचा पाय मात्र पहिल्या परिच्छेदापासून ब्रेकवर होता.

वाचून झाल्यावर त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, की समारंभाला लीगचे अध्यक्ष येणार, बंदरवाले येणार. इतकी वर्षं लोक हसले ते हसले, आता आपण आपल्याच हाताने छापून द्यायचं? सायकलींचं वाक्य काढायलाच हवं. 'लागलंका' काढायला हवं. रेफरी तर काढायलाच हवा, तो पहिल्या रांगेत बसणार आहे. आणि मुख्य म्हणजे गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का.

"असं म्हणजे कसं, काका?"

"हेच. 'त्यांनी उभ्या आयुष्यात एकही ट्राय केला नाही.' पोटच्या पोरीने लिहायचं हे?"

"पण नाहीच केला."

"अगं, नाही केला हे मला माहीत नाही का! मी तिथेच होतो."

मी म्हटलं, तुमचा वाघ मी आईला वाचून दाखवला. आई काय म्हणाली तेही सांगितलं. ते ऐकून बेकरीवाले हसले नाहीत. डॉक्टरांनी भिंतीकडे पसरलेले पाय जवळ घेतले. सेक्रेटरी खिडकीबाहेर बघत म्हणाले, की वहिनींना तसं वाटणारच, वहिनी कधी मैदानावर आल्या नाहीत. पण आवाजात दम नव्हता.

मग मी स्पष्टच सांगितलं. माझं पान घ्यायचं तर जसंच्या तसं घ्या. नाहीतर तुमचं छापा, पण मग माझ्या बाबांचं नाव त्यावर घालू नका, कारण ते ते नाहीत.

भिंतीपलीकडे भट्टीत पावाचे पत्रे सरकवल्याचा आवाज आला. वाद मिटवायचा म्हणून की काय, बेकरीवाले म्हणाले, "बाकी सगळं राहू दे तसंच. फक्त एक ट्राय घाल. माझ्यातला घे. माझे ढीगभर आहेत."

"असं कसं घालणार, काका?"

"कसं म्हणजे? बंदरवाल्यांशी दुसऱ्या वर्षीचा सामना. त्यात शेवटचा ट्राय माझा. तो त्याच्या नावावर टाक. मी कुठे बोंबलत जाणार आहे?"

"तू कशाला बोंबलशील, तू पळालास कसा होतास ते सगळ्यांनी बघितलंय," डॉक्टर म्हणाले. "अंगावर तीन माणसं घेऊन गेलास तू. तो तसा गेला असता का? कुणाला पटेल?"

"तसा नसता गेला," बेकरीवाल्यांनी मान्य केलं. भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले. "त्याच्या पद्धतीने गेला असता. आधी चेंडू त्याच्याकडे चुकून आला असता. मग त्याने तो काचेचा असल्यासारखा दोन्ही हातांत धरला असता. आम्ही 'पळ, पळ' ओरडलो असतो आणि त्याला वाटलं असतं, दुसऱ्या कुणाला सांगतायत."

"आणि पळाला असता तो आपल्याच रेषेकडे," डॉक्टर म्हणाले. "मला त्याला खांदे धरून फिरवावं लागलं असतं."

"फिरवलं. मग गेला सरळ. समोर तो हमाल."

"हमालाने पाडला नसता त्याला. हमालाचा जीव होता त्याच्यावर."

"नाही पाडला. पण रेषा कुठे दिसतेय याला? चुना पुसलेला. तर हा थांबला. हमालालाच विचारलं, 'अहो, रेषा कुठेशी आली?' आणि हमालाने बोट दाखवलं."

मी बोलणार होते, की असं काही झालेलं नाही. पण 'कुठेशी आली' हे बेकरीवाल्यांनी बाबांच्या आवाजात म्हटलं होतं, आणि ते त्यांना कळलंही नव्हतं. दुकानात शिरणाऱ्या परगावच्या गिऱ्हाइकाला बाबा असंच विचारायचे, गाव कुठेशी आलं तुमचं.

"मग टेकवला," डॉक्टर म्हणाले. "आणि रेफरीकडे वळून विचारलं, चालेल ना."

"छे," सेक्रेटरी म्हणाले.

आम्ही तिघेही त्यांच्याकडे बघायला लागलो. ते अजून खिडकीकडेच तोंड करून होते. "रेफरीला नाही विचारणार तो. आणि आधी टेकवणार पण नाही. आधी खाली वाकून हाताने जमीन चाचपून बघणार, काच-बिच तर नाही ना. मग रुमाल काढून चेंडू पुसणार. मग टेकवणार. आणि नंतर दहा वर्षं कुणी विषय काढला की म्हणणार, 'वारं त्या बाजूचं होतं हो, माझं काही नाही.'" त्यांचा उजवा पाय जमिनीवरून सुटून मोकळा लोंबत होता. "मी गाडी शिकवली आहे त्याला. परीक्षेत पास झाला तेव्हाही हेच म्हणाला. रस्ता सरळ होता म्हणे."

बेकरीवाले उठले, आत जाऊन चार कप चहा घेऊन आले, आणि इतका वेळ लावून आले की चहा निवला होता.

मी कागद उलटा केला. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. चुकून आलेला चेंडू, खांदे धरून फिरवणं, हमालाचं बोट, रुमाल, वारं. जे झालं होतं ते लिहायला मला तीन आठवडे लागले होते. हे सरसर उतरत होतं. समोरच्या बाजूवर 'एकही ट्राय केला नाही' हे वाक्य होतं. ते मी खोडलं, आणि हात थांबला नाही.

"मग सामना आपण जिंकलो का?" लिहिता लिहिता मी विचारलं.

"जिंकतोय कसले?" बेकरीवाले दचकले. "हरलो. त्याने एक ट्राय केला म्हणून बंदरवाले काय घरी बसणार होते?"

सेक्रेटरी म्हणाले, हरलो ते असू दे, पण बाकी तपशील पक्के हवेत, बंदरवाल्यांतले कोणी उठून प्रश्न विचारायला नको. त्यांनी हवा कशी होती ते विचारलं. बेकरीवाले म्हणाले, लख्ख ऊन. डॉक्टर म्हणाले, ऊन कुठलं, घोट्यापर्यंत चिखल होता, चिखलाशिवाय चुना पुसला जाईल कसा. यावर दोघांची चांगलीच जुंपली. बेकरीवाल्यांनी डॉक्टरांच्या स्मरणशक्तीचा उद्धार केला, डॉक्टरांनी बेकरीवाल्यांच्या डोळ्यांचा. शेवटी दोघेही माझ्याकडे वळले, जणू मी तिथे होते.

"ऊन होतं," मी म्हणाले. "पण आदल्या दिवशीचा चिखल वाळला नव्हता. बाबांचे गुडघे भरले होते, मी पाहिले."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"हां," ते म्हणाले. "आता आठवलं."